कांदोळीचे आबे फारिया

अनगोळच्या ज्या कुटुंबांनी चोर्ला घाटाने उतरून पणजीस मांडवीकाठी फेरफटका केला असेल, त्यांनी जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा खचित पाहिला असेल. झगा घातलेले एक धर्मगुरू हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्यापुढे एक स्त्री भान हरपून मागे कलंडली आहे. मुले हटकून विचारतात, "बाबा, हे जादूगार होते काय?"

जादूगार मुळीच नव्हेत. हे बार्देशातील कांदोळीचे जोझे कुस्तोदियु द फारिया. जन्म १७५६ चा. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकले आणि १७८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना ते गडबडले, तेव्हा वडील हळूच कोंकणीत पुटपुटले, "कातर रे भाजी!" आणि मुलाची भीती पळाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका शब्दाने माणसाच्या मनात काय घडते, याच प्रश्नाला त्यांनी पुढे आयुष्य वाहिले.

१८१३ साली पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांनी आपला वर्ग उघडला. प्रवेशास पाच फ्रँक. काम अगदी साधे असे. माणसास खुर्चीत आरामात बसवावे, डोळे मिटून झोपेचेच चिंतन करावयास सांगावे आणि मग खणखणीत आवाजात म्हणावे, "झोपा!" झोप न लागल्यास उघडा तळहात त्याच्या डोळ्यांपुढे धरून सावकाश जवळ आणावा. तरीही न साधल्यास त्या गृहस्थास सोडून द्यावे. झोपी गेलेल्यास पाणी पाजून मद्य म्हटले, तर त्यास मद्याची चव लागे. यात नवल ते काय? चिंचेचे नुसते नाव काढले तरी आपल्या तोंडास पाणी सुटतेच की.

त्या काळचे मेस्मरपंथी म्हणत की आमच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो व तोच गुण देतो. आबे फारिया मात्र भरसभेत सांगत, "माझ्यापाशी कसलीही शक्ती नाही, जे घडते ते तुमच्याच मनात." असे सांगणाऱ्यास शिष्य कोठून मिळणार? मेस्मरपंथी बिथरले. यात सैतानाचा हात आहे, असे काही धार्मिक मंडळी म्हणू लागली. १८१६ मध्ये तर त्यांची टर उडविणारे नाटकच रंगभूमीवर आले आणि वर्ग ओस पडला. उरलेले दिवस त्यांनी मुलींच्या एका संस्थेत चॅप्लेन म्हणून काढले व ग्रंथ लिहिला. ही झोप नैसर्गिक आहे, तीत सैतानही नाही आणि चमत्कारही नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. ग्रंथाचा पहिला खंड १८१९ चा. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते निवर्तले.

पुढे नान्सीच्या बर्नहाइम आदी डॉक्टरांनी त्यांचेच म्हणणे उचलून धरले. १९९७ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात ठेवविले. वेदना कमी क्लेशदायक वाटेल, असे सुचविताच मेंदूच्या एका विशिष्ट भागातील हालचाल खरोखरच बदललेली यंत्रावर दिसली.

आबेंचे सारेच बरोबर होते असे नव्हे. ज्यांचे रक्त पातळ त्यांनाच ही झोप लवकर लागते, अशी त्यांची समजूत होती. ती टिकली नाही. आणि १९४५ साली उभारलेला पणजीचा तो पुतळा? शिल्पकार कामतांनी घडविला सुरेखच. परंतु हातांतून काही शक्ती निघत असल्याचा भास त्यात होतो, तो खुद्द आबेंना रुचला नसता.