वीराचे निवृत्तिवेतन

२१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात मानद कॅप्टन उमराव सिंग यांनी देह ठेवला. त्याच दिवशी त्यांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होत होती. नेपाळचे गुरखा वीर वगळले, तर व्हिक्टोरिया क्रॉस धारण करणारा अखेरचा भारतीय सैनिक त्यांच्याबरोबर गेला. हरयाणातील झज्जर जिल्ह्यात पालडा हे त्यांचे गाव. तेथे संपूर्ण लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. राज्याचे मुख्यमंत्री आले, लष्करप्रमुख आले, हवेत बंदुकांच्या फैरी झडल्या. एका शेतकरी सैनिकाला शोभेल असाच हा निरोप होता आणि त्यात कोणी काही उणे काढण्याचे कारण नाही. प्रश्न पडतो तो या फैरींच्या आधीच्या साठ वर्षांविषयी.

उमराव सिंग १९३९ मध्ये, युद्धास तोंड फुटल्यानंतर थोड्याच काळात, तोफखान्यात भरती झाले. डिसेंबर १९४४ मध्ये ते ब्रह्मदेशाच्या आराकान भागात, कालादान नदीच्या खोऱ्यात, पहाडी तोफखान्यातील एका तोफेचे हवालदार होते. त्यांची तोफ ज्या पायदळाच्या पाठीशी उभी होती, ते पायदळ आफ्रिकेतील गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे. रोहतककडचा शेतकऱ्याचा मुलगा, घानाचे सैनिक आणि समोर जपानी फौज. साम्राज्याच्या युद्धाने कोणाकोणाला कुठल्या जंगलात एकत्र आणले होते, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. १५ व १६ डिसेंबरच्या दरम्यान शत्रूने दीड तास तोफा आणि उखळी तोफांचा भडिमार केला आणि मग किमान दोन कंपन्यांनी हल्ला चढविला. हातबॉम्बने जखमी झालेल्या उमराव सिंगांनी ब्रेनगन चालवीत आणि आपल्या गोलंदाजांच्या बंदुकांचा नेम सांगत पहिली लाट परतविली. दुसरी लाट आली, तीही हटली. पण तोवर त्यांच्याखेरीज दोघेच जिवंत उरले होते. तिसऱ्या लाटेच्या वेळी गोळ्या संपल्या. तेव्हा त्यांनी तोफेच्या कामी येणारा एक जड लोखंडी दांडा उचलला आणि ते हातघाईला भिडले. सहा तासांनी प्रतिहल्ला करून आपले सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा ते तोफेजवळ बेशुद्ध पडलेले आढळले. डोक्यावरील घावांमुळे चेहरा ओळखू येत नव्हता, मूठ मात्र दांड्यावर तशीच आवळलेली होती. भोवती दहा जपानी सैनिक मरून पडले होते. ती तोफ त्याच दिवशी पुन्हा धडधडू लागली.

पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्ज बादशहाने स्वहस्ते त्यांच्या छातीवर पदक लावले. साम्राज्याची मोहोर असलेले हे पदक त्यांना जन्मभर पुरले. साम्राज्य मात्र दोन वर्षांतच येथून गेले. स्वतंत्र भारताच्या सैन्यातही त्यांनी पुन्हा नोकरी केली, सुभेदार-मेजरचा हुद्दा मिळविला आणि निवृत्तीनंतर गावी परतून जेमतेम दोन एकरांची शेती धरली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. घरात दोन राष्ट्रांची उच्च सन्मानचिन्हे असूनही घरचे उत्पन्न सामान्य शेतकऱ्याचेच राहिले. पदक विकत घेण्यासाठी मोठी रक्कम देऊ करणारे लोक त्यांच्या दारी आले होते. उमराव सिंगांनी त्यांना नकार दिला. त्या लढाईत पडलेल्यांचा अपमान करण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी त्यांची भूमिका होती. पदक एकाच्या छातीवर असते. त्यावरचा हक्क मात्र तोफेभोवती मेलेल्या साऱ्यांचा असतो, ही जाण त्यामागे होती.

मात्र या स्वाभिमानाच्या कथेवर टाळ्या वाजवून थांबणे सोयीचे आहे म्हणूनच ते टाळले पाहिजे. १९९५ मध्ये महायुद्धाच्या समाप्तीच्या सुवर्णमहोत्सवासाठी उमराव सिंग लंडनला गेले. मान्यवरांच्या तंबूच्या दाराशी त्यांना अडविण्यात आले, कारण यादीत त्यांचे नाव नव्हते. एका ब्रिगेडियरची नजर त्यांच्या छातीवरील पदकावर गेली, म्हणून त्यांना आत जाता आले. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान जॉन मेजर यांच्याशी बोलण्याची संधी मिळताच या वृद्ध हवालदाराने, बादशहाच्या आठवणी किंवा जंगलातील शौर्यकथा न सांगता, सरळ वेतनाचा विषय काढला. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांना मिळणारे वार्षिक वेतन तेव्हा दोनशे पौंडांच्याही आत होते. मेजर यांनी लक्ष घातले आणि ते तेराशे पौंडांवर गेले.

या घटनेचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावयास हवे. हे पदक १८५६ मध्ये स्थापन झाले तेव्हा शिपायाला वर्षाला दहा पौंड मिळत. एक शतक लोटल्यावर, १९५९ मध्ये, त्याचे शंभर झाले. म्हणजे ज्या सरकारने हे सर्वोच्च शौर्यपदक दिले, त्याच सरकारला त्या शौर्याची किंमत जगण्याच्या खर्चाशी जोडावी असे दशकानुदशके वाटले नाही. त्याला ते वाटावयास लावण्याचे काम झज्जरच्या एका म्हाताऱ्याने समारंभाच्या मंडपात केले. मागणे हे सैनिकाला शोभत नाही, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. हा वर्ग बहुधा स्वतः नियमित वेतन घेत असतो. उमराव सिंगांचे ते बोलणे कालादानच्या काठावरील दांड्याइतकेच सैनिकी होते. कारण त्याचा लाभ त्यांच्यापुरता राहिला नाही, हयात असलेल्या इतर मानकऱ्यांनाही तो मिळाला.

हयात नसलेल्यांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला तरी टाळता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतील दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढतालढता पडले. त्यांचा पुतळा माणगावात उभा आहे. दुसरे अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी आपल्या दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप काढून ते माघारी वळले आणि त्यांनी शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा त्यांनी ती टाकून हातबॉम्ब उचलले. १९८४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे लंडनच्या त्या मंडपातील संभाषणाला अजून अकरा वर्षे होती.

आणि ज्यांच्या छातीवर काहीच नव्हते, त्यांचा हिशेब तर आणखी वेगळा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्यांना घरी धाडण्यात आले. निवृत्तिवेतनासाठी आवश्यक इतकी सेवा त्यांची झालेली नव्हती, कारण युद्ध तेवढे दीर्घकाळ चालले नाही! नियमाच्या दृष्टीने यात कोणाचीच चूक नाही. नंतर काही राज्यांनी अशा सैनिकांना मासिक मानधन सुरू केले, पण ते सुरू होईपर्यंत त्यांतील अनेकांनी जगाचा निरोप घेतला होता. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावते आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जणांची स्मृती अभिमानाने जपते. अशा गावांत वीरांची नावे दगडावर लवकर चढतात, कागदावर चढावयास मात्र उशीर लागतो.

हे सारे परक्या सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी स्वतंत्र भारतातील माजी सैनिक कित्येक दशके करीत होते. १४ ऑगस्ट २०१५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, त्यासाठी जंतरमंतरवर बसलेल्या वृद्धांना पोलिसांनी बळाने हुसकण्याचा प्रयत्न केला. अनेकांच्या छातीवर पदके होती आणि या वेळी ती पाहून वाट करून देणारा ब्रिगेडियर तेथे नव्हता. योजना पुढच्या महिन्यात जाहीर झाली. तिच्या अंमलबजावणीवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जवान वयाच्या पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे मुलांच्या शिक्षणाचे ओझे अंगावर पडते त्याच सुमारास, निवृत्त होतो. त्याचे वेतन त्या वयात गोठले, तर पुढली तीस-चाळीस वर्षे महागाई त्याच्याशी कशी वागते, हे समजण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. या मूळ मुद्द्यावर कोणत्याही सरकारला प्रामाणिक उत्तर देता आले नव्हते, म्हणूनच तो इतकी वर्षे लांबला. तिजोरीवरील भाराची सबब खोटी नाही. पण भरतीच्या वेळी ती कोणी सांगत नाही.

उमराव सिंग ज्या महिन्यात जन्मले आणि ज्या महिन्यात गेले, तो नोव्हेंबर. या महिन्यात देशभरातील निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अलीकडे ते घरबसल्या यंत्रावर बोट टेकवूनही देता येते. परंतु मातीत आयुष्य गेलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा उमटत नाहीत, आणि मग ऐंशी वर्षांचा जुना सैनिक नातवाचा खांदा धरून तालुक्याच्या बँकेची पायरी चढतो. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. त्यांच्याकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात. नोव्हेंबरात त्यांचा एखादा माणूस या घरी जाऊन तो दाखला घेऊन येऊ शकतो. फैरी झाडण्यासाठी पथक गावापर्यंत पोहोचते, तोच रस्ता हाही आहे.