विद्येचें गणगोत

विहिरीचें पाणी कितीही गोड असलें, तरी बाहेरचे झरे बंद झाले म्हणजे ती उन्हाळ्यांत आटल्यावांचून राहत नाहीं. विद्यापीठांचेंही तसेंच आहे.

इ. स. १९१२ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतील ५३ विद्यापीठांचे प्रतिनिधि लंडन येथें एकत्र जमले, व दुसऱ्याच वर्षीं त्यांची कायमची कचेरी तेथें स्थापन झाली. कोठें कोणते विषय शिकवितात, अध्यापक कोण आहेत, हें परस्परांस कळावें म्हणून १९१४ सालीं तिनें विद्यापीठांचें वार्षिक पुस्तक काढिलें. काम साधें, पण मोलाचें! मात्र त्या पंगतींत पाट सर्वांस असले तरी वाढपी एकच होता, हें विसरतां येत नाहीं. आमचें १८५७ चें मुंबई विद्यापीठही लंडनच्याच नमुन्यावर उभारलेलें असून, आरंभीं बहुतांशीं परीक्षा घेण्यापुरतेंच होतें.

पुढें काळ पालटला. १९४८ सालीं संस्थेच्या नांवांतून 'साम्राज्य' हा शब्द गेला. १९६३ सालीं ती 'राष्ट्रकुल विद्यापीठांचा संघ' झाली. त्यापूर्वींच, १९५९ सालीं, ऑक्सफर्ड येथील शिक्षणपरिषदेंत राष्ट्रकुल शिष्यवृत्त्यांची योजना ठरली. भारतानेंही पुढें केवळ घेणाऱ्याची नव्हे, देणाऱ्याचीही जागा पत्करली. गणगोत म्हणावें तें यासच!

आमचीं हुशार मुलें परदेशीं जाऊन तिकडेच राहतात, मग या संबंधांचा आम्हांस लाभ काय, असें कित्येक विचारतात. शंका खोटी नव्हे. परंतु दार बंद करणें हा तिचा उपाय नव्हे; परतणाऱ्यास येथें योग्य काम व मान देणें हाच होय.

आमच्या मतें खरी अडचण निराळीच आहे. बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीच्या पुढील अभ्यासासाठीं असतात. ज्या मुलाची वा मुलीची शाळा फीपायीं मध्येंच सुटली, तिच्यापर्यंत हें जागतिक गणगोत पोंचणार कसें? तो उंबरठा गांवांतच ओलांडून दिला पाहिजे, आणि तें काम लंडनच्या कचेरीचें नसून आमचें आहे.

मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या देणगींतून उभे राहिले. आमचे व्यापारी वाचक मनोरे न बांधोत. प्रत्येक पेठेनें दोन गरीब विद्यार्थ्यांची फी भरण्याचा संकल्प केला, तरी पुष्कळ झालें. दूरच्या नात्यांचा अभिमान शेजाऱ्याच्या मुलास विसरून बाळगणें शोभत नाहीं.