ओळ चिकटवा, पुढे चला

नातवाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यात डेबियन आहे आणि लिहायला ईमॅक्स. डेबियनमध्ये नवे काही हवे असले की 'ॲप्ट' नावाचा कोठीवाला ते भांडारातून आणून देतो. भांडारांचे पत्ते एका साध्या फाइलीत असतात. ती फाइल ईमॅक्समध्ये नीट रंगीत दिसावी, पॅकेजेही तिथूनच शोधता यावीत, यासाठी 'डेबियन-ईएल' नावाची जोडणी आहे. मला ती हवी होती.

शोधल्यावर एक मार्गदर्शन सापडले. 'खालील सात ओळी इनिट फाइलीत चिकटवा.' का, कशासाठी, एक अक्षर नाही. पुढे 'मेटा-एक्स दाबा'. माझ्या कीबोर्डवर मेटा नावाची कळच नाही! ती जुन्या काळच्या कीबोर्डांवर असे, आज तिचे काम ऑल्ट करते. एवढे एक वाक्य लिहायला काय जात होते?

चिकटवल्या ओळी. ईमॅक्स पुन्हा उघडला तर तक्रार : 'मार्मलेड' भांडाराशी संपर्क होत नाही. होणार कसा? ते भांडार कधीचेच बंद पडले आहे. आणि गंमत अशी, की मला हवी असलेली जोडणी डेबियनच्या स्वतःच्याच कोठीत होती. ॲप्टला एक आज्ञा दिली की झाले. सातही ओळी फुकट!

शाळेतली माझी 31 वर्षे गाइडांशी भांडण्यात गेली. मुलगा भागाकार अचूक करायचा, पण 'इथे शून्य का दिलंस?' विचारले की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. गाइडात होते म्हणून दिले. तीच मुले मोठी होऊन आता मार्गदर्शने लिहितात की काय, अशी मला शंका येते.

नातू म्हणतो, "आजोबा, सगळं समजून घेत बसलं तर कामं कधी होणार?"

अरे बाबा, ती इनिट फाइल म्हणजे भिंतीचा रंग नव्हे. ती लिस्प भाषेतली चालती आज्ञावली आहे. तिथून बोलावलेल्या जोडणीला तुझ्याइतकेच अधिकार मिळतात. तुझ्या फाइली ती वाचू शकते, पुसू शकते. अनोळखी माणसाने दिलेली चिठ्ठी न वाचता सही करून बँकेत देशील का?

मार्च 2024 मधली गोष्ट. 'एक्सझेड' या जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत तो पोचलाही होता. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न त्याने सोडला नाही. अर्धा सेकंद! आपण तो चहाच्या घोटाबरोबर गिळला असता.

बरे, समजून घेणे अवघड तरी आहे का? ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच दाबून मग व्ही दाबा आणि चलाचे नाव द्या, तो स्वतःच त्याचा अर्थ सांगतो. इंग्रजीत सांगतो, हे खरे. शब्दकोश घेऊन बसलो, दोन संध्याकाळी गेल्या. मग सातही ओळी खोडल्या आणि ती एक आज्ञा दिली. फाइल आता रंगीत दिसते.

नातवाला विचारले, "तुझ्या फाइलीत किती ओळी रे?"

"चारशेच्या वर."

"त्यातल्या किती समजतात?"

"आजोबा, जेवायला चला."