कशाला काढता हो फोटो?

निवृत्त माणसाच्या हाती कॅमेरा देऊ नये, असे आमच्या चिरंजीवांना आता वाटू लागले आहे. कॅमेरा त्यांनीच दिला. अपेक्षा अशी, की मी नातवाचे फोटो काढावेत, गेलाबाजार बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन चार पाखरे टिपावीत. मी पिशवी खांद्याला लावून निघालो तो थेट स्टेशनजवळच्या जुन्या शॉपिंग सेंटरात शिरलो आणि गेला महिनाभर तिथेच आहे.

"कशाला काढता हो फोटो?" हा प्रश्न मला या महिन्यात निदान चाळीस जणांनी विचारला. वॉचमनने दरडावून विचारला, दुकानदारांनी घाबरून विचारला, सौ.ने कपाळाला हात लावून विचारला. तेव्हा एकदाच सर्वांना उत्तर देऊन टाकतो.

हे सेंटर उघडले 1982 साली. त्या वर्षी दिल्लीत एशियाड झाले, टीव्हीला रंग आला आणि आमच्या उपनगराला कारंजे आले. हे कारंजे सेंटरच्या चौकात उद्घाटनाच्या दिवशी उडाले. त्यानंतर ते उडालेले कोणी पाहिले नाही. आता त्यात एक चप्पलवाला बसतो. बाकी तळमजला, वर दोन मजले आणि सत्त्याऐंशी गाळे. त्यातले एकोणीस बंद. मी स्वतः मोजले आहेत.

उघड्या गाळ्यांत काय नाही ते विचारा! किल्लीवाला, रफूवाला, फॉल-पिको, कुकरच्या शिट्ट्या, छत्रीच्या काड्या, झेरॉक्स, ज्योतिषी आणि त्याच्याच शेजारी आयुर्विम्याचा एजंट. घड्याळजींकडे अजून एच.एम.टी. दुरुस्त होते. 2016 साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा कारभार गुंडाळायचे ठरवले, ते या गृहस्थांना कोणी कळवलेले दिसत नाही. एके काळी कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून देणारा आता मोबाइलच्या काचा बदलतो. पाटी मात्र जुनीच आहे.

आणि मॅचिंग सेंटर! भिंतभर टू बाय टूचे गठ्ठे. सौ.ने साडीचा पदर पुढे केला, की तो मालक नुसत्या नजरेने सांगतो, "वहिनी, ही डाळिंबी नव्हे, ही आमसुली." डाळिंबी, राणी, चिंतामणी, मोरपंखी, वांगी... ज्याला मी आयुष्यभर 'जांभळा' म्हणत आलो, त्याच्या या माणसाकडे अकरा जाती आहेत. ही विद्या कुठल्या विद्यापीठात शिकवतात ते मला दाखवा.

फोटो काढू लागलो तेव्हा पहिली शंका आली ती म्हणजे, "साहेब, म्युनिसिपालिटीतून आलात का?" दुसरी, "बिल्डरने पाठवलंय?" मला आधी हसू आले. मग जिन्याखाली डकवलेला कागद वाचला आणि हसू गेले. इमारत तीस वर्षांची झाली, की कायद्याने तिची मजबुती तपासून घ्यावी लागते आणि 'सी-वन' शेरा पडला, की रिकामी करून पाडायची. तपासणीची माणसे येऊन गेली आहेत. ती जे मोजून गेली त्यात खांब, तुळया आणि भेगा आहेत. वांगी आणि जांभळा यांतला फरक कुठल्याच रकान्यात नाही.

आमचे एक मित्र म्हणतात, "पडू दे रे! काय ती घाण, काय त्या लोंबत्या वायरी!" अगदी कबूल. तिथल्या मुतारीचा फोटो मी काढलेला नाही. कॅमेऱ्याला नाक नसले तरी मला आहे. मागच्या जिन्यात पुतळे आणि खोकी रचलेली आहेत. उद्या आग लागली तर माणसांनी पळायचे कुठून? हेही कबूल, की हे सेंटर उठले तेव्हा तिथली बैठी घरे आणि आंब्याची झाडे गेली म्हणून हळहळणाऱ्यांत मीच पुढे होतो. धोकादायक इमारत जायलाच हवी. माझे भांडण इमारतीसाठी नाही, गाळ्यांसाठी आहे.

जागी मॉल येईल म्हणतात. येऊ द्या. 1999 साली हाजीअलीला 'क्रॉसरोड्स' उघडला तेव्हापासून आम्ही मॉल बघतो आहोत. तिथे गारवा असतो, सरकता जिना असतो. पण मॉलमध्ये वस्तू विकत मिळते, दुरुस्त होत नाही. कुकरची शिट्टी हरवली तर मॉलवाला नवा कुकर दाखवतो. दहा रुपयांचे काम करणाऱ्या माणसाला परवडेल असा कोपरा नव्या नकाशात कुठे असतो, तो मला कोणी बोट ठेवून दाखवावा. किल्लीवाल्याला पैसे देऊन उठवता येईल हो. पण माझे कुलूप कोण उघडणार?

आणि वारसावाल्यांनाही एक विचारायचे आहे. 2018 साली ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारसा ठरल्या. उत्तम झाले. पण उपनगरात राहणाऱ्याने वारसा बघायला दर वेळी चर्चगेटची गाडीच पकडायची काय? पॅरिसमध्ये युजीन आत्जे नावाचा एक गृहस्थ जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा खांद्यावरून वाहत जुन्या गल्ल्या नि दुकाने टिपत हिंडला. 1912 साली त्याने चक्क बायकांच्या कॉर्सेटच्या दुकानाचा फोटो काढला. तो 1927 साली वारला. आज त्याचे फोटो संग्रहालयांत आहेत. त्यालाही कोणीतरी विचारलेच असणार, "कशाला काढता हो?"

दुसऱ्या मजल्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. आमच्या घरातले पासपोर्टपासून मुंजीपर्यंतचे सगळे फोटो तिथलेच. कधीही विचारा, उत्तर एकच: "गुरुवारी संध्याकाळी या." मी म्हटले, "आज तुमचा काढतो." ते गोंधळले. चाळीस वर्षांत त्या दुकानात त्यांचा स्वतःचा एकही फोटो निघाला नव्हता. शर्टाची बटणे लावून ते स्टुलावर बसले आणि सवयीने मलाच सांगू लागले, "जरा डावीकडून घ्या. थांबा, लाइट लावतो."

फोटो झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "कॉपी कधी मिळेल?"

चाळीस वर्षांचा सूड घ्यायची संधी! मी म्हणालो, "गुरुवारी संध्याकाळी."

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी नेऊन दिली. हल्ली गुरुवारचा भरवसा राहिलेला नाही.