ज्युसर घेताय? आधी क्रियापद बघा

सगळ्या फळांना आणि सगळ्या भाज्यांना चालणारा एकच ज्युसर असतो, ही आपल्या घरांत शिरलेली एक महागडी थाप आहे. शब्द जपून वापरते आहे. गैरसमज आपोआप होतो, थाप कुणीतरी मारावी लागते.

मी बी.ए. मराठीची, तेही मराठी माध्यमातून. या बाईंना यंत्रांतलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. जन्मभर शाळेत मुलांना क्रियापदं शिकवली, तेवढ्याच भांडवलावर हे लिहिते आहे. कारण ज्युसर निवडण्याचा प्रश्न मुळात क्रियापदाचाच आहे.

बघा हं. लिंबू आपण पिळतो. चिंच आणि आमसुलं कोळतो. आवळा किसतो, आलं ठेचतो. आंबा आधी हाताने मऊ करतो, मग पिळतो, आणि रेषा फार असल्या तर पुरणयंत्रातून काढतो. खोबरं वाटून गाळतो, तेव्हा नारळाचं दूध मिळतं. ऊस चरकात घालतो. इतकी क्रियापदं भाषेत उगीच नाही आली. प्रत्येक फळातलं पाणी वेगळ्या जागी दडलेलं असतं आणि वेगळ्या रीतीने बाहेर येतं, हे ज्या बायकांना रोज करून करून कळलं त्यांनी ती वापरली आणि टिकवली. आता या सगळ्यांच्या जागी एकच क्रियापद आलं, 'ज्यूस करणे'. आणि त्याला एकच बटण!

आमच्या सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊन कुणाही कोळी माणसाला विचारा. खेकड्याचं साधन वेगळं आणि कोळंबीचं जाळं वेगळं. सगळं एकाच जाळ्यात धरा म्हटलं तर तो हसेल. रसवंतीवाल्याचंही तसंच. कानिफनाथ नाहीतर नवनाथ असं नाव लावून बसलेला तो माणूस चरकात उसाबरोबर फार तर लिंबू आणि आलं घालतो, डाळिंब घालत नाही. ज्याला रसातलं खरोखर कळतं त्याला आपल्या यंत्राची हद्द कळते. कळत नाही ती जाहिरातीला.

आता यंत्रांकडे वळू. बाजारात मुख्य जाती दोनच. एक आपल्या ओळखीची, ज्युसर-मिक्सर-ग्राइंडरमधली. तळाशी दातेरी चकती, भोवती जाळीची टोपली, आणि मिनिटाला दहा-पंधरा हजार किंवा त्याहून जास्त फेरे. फळ चकतीवर किसलं जातं आणि टोपली गरागरा फिरून त्या किसातलं पाणी बाहेर फेकते. धुण्याच्या मशीनमध्ये कपडे पिळून निघतात ना, अगदी तसंच. दुसरी जात म्हणजे सध्या जिचा बोलबाला आहे ती 'कोल्ड प्रेस' किंवा 'स्लो'. हिच्या आत एक जाडजूड मळसूत्र असतं, ते मिनिटाला चाळीस ते ऐंशी फेऱ्यांच्या संथ गतीने फिरतं आणि फळाला जाळीवर चेपत नेतं. म्हणजे पहिलीचं क्रियापद किसणे, दुसरीचं चेपणे. एवढं लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं. ज्याला किसणं मानवतं ते पहिलीत, ज्याला चेपणं मानवतं ते दुसरीत, आणि ज्याला दोन्ही मानवत नाही त्याला यंत्रापासून दूर ठेवायचं.

गाजर, बीट, सफरचंद, अननस ही कडक आणि पाणीदार मंडळी. किसायला सोपी. यांना पहिल्या जातीचं, पाचसहा हजारांचं यंत्र उत्तम. पालक, कोथिंबीर, गव्हांकुर यांना मात्र ते मुळीच चालत नाही. पानं चकतीवरून तशीच उडतात, जाळीला चिकटतात आणि जुडीभर पाल्यातून चार चमचे हिरवं पाणी मिळतं. तिथे संथ यंत्र खरोखरच सरस आहे, फेसही कमी होतो, आवाजही कमी. हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. पण मला सांगा, तुमच्या घरात रोज गव्हांकुराचा रस पिणारं माणूस आहे का? असेल तर घ्या. नसेल तर त्या एका सरसपणासाठी दहा-वीस हजार रुपये का मोजता?

आंबा, केळं, चिकू, पपई, सीताफळ यांचा तर रस निघतच नाही, गर निघतो. आमरसाला आपण रस म्हणतो खरं, पण तो गरच. दोन्ही जातींच्या यंत्रांत तो जाळीवर लिंपून बसतो. त्याला मिक्सरचं भांडं किंवा पुरणयंत्र. पुरणयंत्रासारखी युक्ती पुन्हा होणे नाही. वीज नको, पोळीच्या सणाला पुरण, वैशाखात आमरस, आणि धुवायला दोन मिनिटं.

संत्री-मोसंबीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण आजारी माणसाला भेटायला जाताना आपण नेतो ती हीच. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभराने कडवट लागतो, हे घरोघर ठाऊक आहे. त्याचं कारण आहे लिमोनिन. फळाच्या पांढऱ्या सालीत, पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. पेशी फाटून ते आंबट रसात मिसळलं की त्याचं हळूहळू कडू लिमोनिन बनतं. म्हणजे तुम्ही साल, पडदे, बिया जितक्या भरडाल तितका कडूपणा जास्त. म्हणूनच मोसंबीला अर्धी कापून शंकूवर फिरवायचं साधं भांडं, नाहीतर ज्यूसवाल्याकडे असतं तसं दांडा दाबायचं यंत्र. दोन-चारशे रुपयांपासून मिळतं आणि बी शाबूत राहते. डाळिंबाचंही तेच. दाणे मिक्सरमध्ये भुगा होईपर्यंत फिरवले तर बियांचा तुरटपणा रसात उतरतो. पातळ फडक्यात बांधून पिळा, किंवा गाळणीत वाटीने दाबा. हात लाल होतात, होऊ देत. कलिंगडाला कुस्करणं आणि गाळणं पुरतं. आवळ्याची बी काढल्याशिवाय कुठल्याही यंत्रात टाकू नका, यंत्र जायचं.

मध्यंतरी एका दुकानात प्रात्यक्षिक बघायला उभी राहिले होते. विकणारा मुलगा गोड होता, आजी आजी करत होता. गाजर टाकलं, सफरचंद टाकलं, आल्याचा तुकडा टाकला, वा, काय रंग! (ज्युसर विकणाऱ्यांचं लाडकं लेकरू म्हणजे गाजर. ते कुठल्याही यंत्रात शहाण्यासारखं वागतं.) मी म्हटलं, "बाळा, आता यातच एक पिकलेला आंबा टाक." म्हणाला, "आजी, आंब्याचं वेगळं असतं." मी म्हटलं, "मग खोक्यावर आंब्याचं चित्र कशाला छापलंय?" तो हसला. त्याचा काही दोष नाही, खोकं त्याने छापलं नव्हतं.

खोक्यावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वेगाने फिरणाऱ्या यंत्रात जीवनसत्त्वं जळून जातात ही भीती. रस टोपलीतून जायला काही सेकंद लागतात, फार तर थोडा कोमट होतो. आपण पालकाची पातळ भाजी उकळून खातो तेव्हा हे जीवनसत्त्वप्रेम कुठे असतं? रस काढल्याबरोबर पिणार असाल तर त्या भीतीपोटी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतली एक गोष्ट याच संदर्भात सांगते. 'ज्युसेरो' नावाचं एक यंत्र तिथे २०१६ साली आलं. किंमत ६९९ डॉलर, पुढे ३९९. कंपनीच्या पिशव्यांत आधीच चिरलेली फळं-भाज्या यायच्या आणि यंत्राने ती पिशवी दाबायची. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी ती पिशवी हातांनी पिळून दाखवली, तर जवळजवळ तेवढाच रस निघाला! सप्टेंबरमध्ये कंपनीने दुकान गुंडाळलं. मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी कोट्यवधी डॉलर घातलेल्या धंद्याला दोन हात पुरून उरले. आपल्याकडे कुणी पंचा पिळून दाखवत नाही, एवढाच फरक.

आता जरा गंभीर बोलते. हा वाद नुसता पैशांचा असता तर मी एवढी तावातावाने लिहायला बसले नसते. पाम बीच रस्त्याच्या बाजूला सकाळी फिरायला जाणारे माझ्या वयाचे कितीतरी लोक दुधीचा रस पितात. कुणी घरी काढतं, कुणी बाहेर घेतं. दुधी, कारलं, आवळा, पुदिना, आलं, सगळं एकत्र. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं सांगणं अगदी साधं होतं. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर तो दुधी फेकून द्या. दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात दुखणं, काहीही वाटलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. २०१८ साली पुण्यातही दुधीचा रस पिऊन एका चाळिशीतल्या बाईंचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि त्यांवर उतारा नाही.

याचा ज्युसरशी संबंध असा की, भाजी चिरणारी बाई काकडी असो, दुधी असो, एक फोड तोंडात टाकायची. आई-आजीने तेच शिकवलेलं. ज्युसरपाशी कुणी चाखत नाही. अख्खा दुधी नळीत जातो, वर आवळा आणि आलं जातं, आणि कडवटपणा आलाच तर 'औषध आहे, कडू असायचंच' म्हणून डोळे मिटून घोटला जातो. जिभेचा पहारा उठवला तो या सवयीने. 'फळं-भाज्या काहीही टाका' असं सांगणाऱ्याने निदान हे एक वाक्य तरी खोक्यावर छापायला नको का?

दुसरी गोष्ट साखरेची. एका पेल्याला तीन-चार मोसंब्या लागतात. तुम्ही बसून चार मोसंब्या खाल का? एकीनंतर थांबाल. चोथा तुम्हाला थांबवतो, आणि ज्युसर तोच काढून टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही रसापेक्षा अख्खं फळ खा असंच सांगितलं आहे. उसाच्या रसात दर १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते, हाही इशारा तिच्यात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, त्यांतले काही आपल्याच इमारतीत राहतात आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून पेलाभर रस पितात. ज्यांना दात नाहीत, गिळायला त्रास होतो, आजारातून उठल्यावर चव गेली आहे, त्यांना रस द्या, जरूर द्या, डॉक्टरांना विचारून द्या. त्यांच्यासाठी यंत्र घेतलंत तर ते सत्कारणी लागेल. धडधाकट माणसाने दात असताना सफरचंदाचं पाणी करून पिणं, हे मला अजून समजलेलं नाही.

आणि शेवटी धुण्याचा मुद्दा. हा कुठल्याही जाहिरातीत नसतो. या यंत्रांचे सुटे भाग चार ते सात-आठ. जाळी लगेच ब्रशने घासली नाही तर बिटाचा तंतू तिच्या भोकांत वाळून बसतो. रस पिणारे तिघे, धुणारी एकटी, आणि ती कोण हे सांगायची गरज नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने हौसेने महागाचं यंत्र आणलं, 'आई, तुझ्या तब्येतीसाठी' म्हणून. पंधरा दिवस रोज सकाळी तो प्यायला आणि ती जाळ्या घासत राहिली. मग तिची पाठ धरली आणि यंत्र माळ्यावर गेलं. सिडकोच्या घरांतला ओटा केवढा असतो तुम्हाला माहीत आहे. त्यावर कायमची जागा ज्याला देता येत नाही ते यंत्र वापरात राहत नाही.

तर घ्यायचंच असेल तर एवढं करा. वर्षभरात घरात कोणती फळं आणि भाज्या येतात ते कागदावर लिहा, आणि प्रत्येकीपुढे तिचं क्रियापद लिहा. 'किसणे' जास्त आलं तर मिक्सरबरोबर येणारा ज्युसर पुरतो. 'पिळणे' जास्त आलं तर हाताचं यंत्र. पाल्याचा रस रोज लागत असेल तरच संथ यंत्र. जाळी आणि रबरी कडं सुटं मिळतं का, तेही विचारून ठेवा, कारण आधी जातात ती तीच. मग पिशवीत पालकाची जुडी आणि एक पिकलेला आंबा घेऊन दुकानात जा, गाजर त्यांच्याकडे असतंच. प्रात्यक्षिक पूर्ण झालं की त्या मुलाला म्हणा, "आता हे सगळं माझ्यासमोर धुऊन दाखव." ते मात्र मला अजून कुणी करून दाखवलेलं नाही.