दारातली पाच मिनिटं

डिसेंबर २०२१ मधली मुंबईतली गोष्ट. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका कर्नलसाहेबांची प्रकृती एकाएकी फार बिघडली. मुलगा त्यांना गाडीत घालून दवाखान्यात निघाला आणि गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. मुलगा दुचाकीवाल्यांना थांबवायला बघत होता, पण कोणी थांबेना. शेवटी थांबला तो स्विगीचा एक डिलिव्हरी करणारा तरुण. त्याने कर्नलसाहेबांना मागे बसवलं, पुढच्या गाड्यांवर ओरडत वाट काढली आणि लीलावती रुग्णालय गाठलं. ते वाचले. बरे झाल्यावर त्यांनी त्या मुलाचे मनापासून आभार मानले, आणि कंपनीनेही ती गोष्ट अभिमानाने सगळ्यांना सांगितली.

ही बातमी वाचल्यापासून मला एक जरा खडूस प्रश्न पडतो. समजा त्या वेळी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत कोणाची तरी बिर्याणी असती, तर? ती तासाभराने गार होऊन पोहोचली असती. ज्याची बिर्याणी, तो आपल्यातलाच कोणीतरी. दुसऱ्या दिवशी बातमी वाचून त्याने टाळी वाजवली असती, पण आदल्या रात्री एकच तारा देऊन मोकळा झाला असता.

आपल्या बालाघाटात आता ही मुलं नवलाईची राहिलेली नाहीत. संध्याकाळी काली पुतली चौकातून गेलात तर पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला एखादा दिसतोच. पार्सलवाले तर बैहर, लांजी, कटंगीच्या रस्त्यांनी रोज फिरतात. मोठ्या शहरात रस्त्यावर कोणी पडलं तर शंभर माणसं बघायला जमतात. आपल्याकडे जंगलातल्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता गाडी घसरली, तर तिथून पहिला जाणारा माणूस बहुतेक दूधवाला, गॅसवाला नाहीतर पार्सलवालाच असायचा. त्यामुळे ‘यांनी थांबावं का’ हा प्रश्न इथे गप्पांपुरता उरत नाही.

आमच्या घरी यावर दोन तट आहेत. बाबा म्हणतात, माणूस पडलेला दिसला तर थांबायचं, यात विचारायचं काय? वहिनी म्हणते, बोलणं सोपं आहे, त्याचे पैसे ऑर्डरमागे मिळतात, थांबलेल्या मिनिटांचे कोण देतं? मी वहिनीच्या बाजूचा. मात्र बाबांचं चुकतं असं मला वाटत नाही. मला वाटतं, दोघंही चुकीच्या माणसाकडे बघताहेत.

१९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला पाद्री होण्याचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. एकेकाला सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं आहे. काहींचा विषय होता बायबलमधली ‘भला शोमरोनी’ ही कथा. म्हणजे लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला सोडलेल्या वाटसरूला बघून मोठे धर्मपंडित पुढे निघून गेले आणि एक परका माणूस मात्र थांबला, ती. वाटेत एका दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. खरी मेख अशी की काहींना सांगितलं होतं, ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’. काहींना ‘वेळेवर निघा’. आणि काहींना ‘अजून वेळ आहे, पण निघालात तरी चालेल’. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. घाईतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण तर त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आधी आठवला तो मोबाइलवरचा उलटा पळणारा आकडा. माझं काम सॉफ्टवेअरचं. मी डिलिव्हरीचं अॅप बनवत नाही, पण पोहोचायच्या वेळेचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली साधारण कशा चालतात ते माहीत आहे. त्या मागच्या हजारो फेऱ्या बघतात आणि त्यावरून पुढच्या फेरीला किती वेळ लागावा ते ठरवतात. आता बघा, नव्वद मुलं कुठेच थांबली नाहीत आणि दहा थांबली, तर अंदाज बांधला जाणार तो नव्वदांच्या वेगावर. मग त्याच वेगाने थांबणाऱ्या दहांना मोजलं जाणार. त्यांनी एका म्हातारीला रस्ता ओलांडून दिला हे यंत्राला कळतच नाही, कारण ते लिहायला रकानाच नाही. त्याला दिसतो फक्त ‘विलंब’. गाडी पंक्चर झाली, दुकानात उशीर झाला, पत्ता सापडला नाही, अशी कारणं नोंदवता येतात. ‘माणूस पडला होता’ हे कारण नोंदवायची सोय मात्र करावी लागते, ती आपोआप येत नाही. ही सोय करायला फार हुशार इंजिनिअर लागत नाही. एक बटण, त्या ऑर्डरचं घड्याळ बंद, ग्राहकाला दोन ओळींचा निरोप. गैरवापर होईल असं कोणी म्हणेल. थोडा होईलही. पंक्चरचा होत नाही का?

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी मध्ये पडल्यावर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ हे शब्द आपल्या जाहिरातीतून काढले. त्याच्या आधी डिसेंबरच्या शेवटी या कामगारांनी संपही केला होता. शब्द गेले हे बरं झालं. घाई गेली का, ते मात्र जाहिरातीवरून कळत नाही.

बाबांचं उत्तर ठरलेलं असतं: नाथमहाराज. एकनाथ काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी ते पाणी त्याला पाजलं. बरोबरचे लोक हळहळले, नाथ म्हणाले माझा रामेश्वर इथेच पावला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. नीट पाहिली तर ती डिलिव्हरीचीच गोष्ट आहे की! लांबचा पल्ला, ठरलेला पत्ता, नाशवंत नसला तरी मोलाचा माल. पण एक फरक आहे, आणि तो मी बाबांना दरवेळी सांगतो. ती कावड नाथांची स्वतःची होती. पाणी संपलं तर नुकसान त्यांचं. या मुलाच्या पिशवीतला माल दुसऱ्याचा, वेळ कंपनीच्या हिशेबातला, आणि दंड मात्र त्याचा एकट्याचा. त्याच्याकडून नाथांची अपेक्षा करायची, तर आधी रामेश्वराच्या जागी बसलेल्या आपण म्हणायला हवं की पावलं. उशिरा आलेल्या जेवणाबद्दल ‘काय झालं रे, ठीक आहेस ना?’ एवढं तरी विचारायला हवं.

आता रस्त्यावरच्या अपघातापुरतं बोलायचं तर कायदा बराच पुढे आला आहे, आणि हे आपल्या तरुण मंडळींना पाठ असायला हवं. पूर्वी भीती एकच होती: मदत करायला जाऊ आणि पोलिसांच्या चौकशीत अडकू. पीयूष तिवारी यांच्या शाळकरी चुलतभावाचा २००७ मध्ये दिल्लीत अपघात झाला, तो बराच वेळ रस्त्यावर पडून होता आणि वेळेवर मदत न मिळता गेला. त्यातून त्यांनी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ काढलं. या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत २५,००० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५,००० होती. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर दीड लाखापर्यंतचे उपचार सात दिवस रोख पैसे न भरता होण्याची योजनाही लागू झाली आहे.

म्हणजे सरकारने पोलिसांची भीती बरीच काढली. कंपन्यांनीही काही केलं आहे. जून २०२४ मध्ये झोमॅटोने मुंबईत ४,३०० डिलिव्हरी करणाऱ्यांना एकाच जागी प्रथमोपचार शिकवले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. उत्तम झालं. छातीवर दाब कसा द्यायचा हे रोज रस्त्यावर असणाऱ्यांना येणं ही मोठी गोष्ट आहे. पण शिकवलं आहे तर ते वापरायला लागणारी वीस मिनिटंही कंपनीच्या खात्यावर पडली पाहिजेत. फोटो कंपनीचा आणि मिनिटं ‘पार्टनर’ची, ही भागीदारी मला पटत नाही. आणि सामसूम रस्त्यावर, रात्री, एखादी मुलगी डिलिव्हरीला निघालेली असेल आणि ती न थांबता पुढच्या वस्तीतून १०८ ला फोन लावेल, तर तेही थांबणंच मानावं. तिला कोणी नाथांची गोष्ट ऐकवू नये.

इथवर अपघाताचं झालं. पण आपल्या घरांतला खरा गुंता वेगळाच आहे, आणि तो लिहायला मला जरा संकोच वाटतो, कारण वाचणाऱ्यांत निम्मे जण त्यात आहेत. आपल्यातले बहुतेक जण नागपूर, पुणे, बंगळुरूला, काही त्याहून लांब. आई-वडील इथे. आपण तिकडून औषधं, किराणा, पंख्याचा रेग्युलेटर असं काय काय मागवतो, ते दारात पोहोचतं आणि आपल्याला वाटतं, काळजी घेतली. दारात काय होतं?

आमच्या नात्यातल्या एक आत्या एकट्या राहतात. पार्सलवाला आला की त्या त्याला म्हणतात, “बेटा, जरा यह डिब्बा खोल दे.” मग गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून दे. मग गॅसची टाकी सरकव. एकदा त्याने बल्ब बदलून दिला. आत्यांच्या मते तो फार गुणी मुलगा आहे, आणि तो आहेच. त्या त्याला पाणी, कधी चिवडा देतात. तिकडे बंगळुरूला त्यांचा मुलगा निश्चिंत आहे. पण त्या मुलाच्या गाडीवर अजून चाळीस पार्सलं आहेत आणि ती सगळी संध्याकाळच्या आत द्यायची आहेत. आत्यांच्या घरची पाच मिनिटं तो जेवणाच्या सुट्टीतून देतो. मी एकदा त्याला विचारलं, तर हसला आणि म्हणाला, “माताजी अकेली हैं न.” पुढे बोलला नाही, गाडी सुरू केली.

वहिनी म्हणते, हे मदत मागणं नव्हे, फुकटचं काम करून घेणं आहे. मला ते थोडं कठोर वाटतं, कारण आत्यांना त्या बल्बपेक्षा दारात आलेल्या माणसाशी बोलण्याची गरज जास्त असते. पण ही गरज भागवायची जबाबदारी नेमकी त्याच्यावर येऊन पडावी हे कसं? दिवसभरात दार वाजवणारा तो एकटाच असतो म्हणून?

बाहेर काही ठिकाणी हे उघडपणे काम म्हणूनच मानलं गेलं. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी या छोट्या बेटावर टपाल खात्याने २०१३ च्या सुमारास सेवा सुरू केली: पोस्टमन फेरीतच एकट्या वृद्धांच्या दारात थांबतो, कसे आहात, काही हवंय का ते विचारतो, आणि गरज असेल तर पुढे कळवतो. फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ मध्ये असंच काही सुरू केलं, तिथे मुलं आपल्या आई-वडिलांसाठी महिन्याचे पैसे भरतात. त्यावर तिकडे टीकाही झाली, की पोस्टमनचं हालहवाल विचारणंही विकायला काढलं. टीका समजते. पण त्या पोस्टमनच्या फेरीत ती मिनिटं धरलेली असतात, हेही खरं.

आपल्याकडे याचा एक छोटासा नमुना आहेच. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमन घरी येऊन पेन्शनरांचा हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर काढून देतो, ठरलेलं सत्तर रुपये शुल्क घेऊन. बाबांचा मित्रपरिवार याच सेवेवर खूश आहे. कोणी कोणावर उपकार करत नाही, आणि चहा तरीही होतोच.

आत्यांच्या मुलाशी मी फोनवर बोललो. त्याला आधी राग आला, मग त्याने दोन गोष्टी केल्या. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीला महिन्याचे ठरवून पैसे देऊ केले. ती एक दिवसाआड संध्याकाळी अर्धा तास जाते, औषधं लावून ठेवते, बिलं भरते. आणि ऑर्डरच्या सूचनेत पूर्वी ‘आई एकटी आहे, सामान आत ठेवून द्या’ असं लिहायचा, ते काढून ‘पायरीवर ठेवलं तरी चालेल’ असं लिहिलं. पार्सलवाला अजूनही बेल वाजवतो. आत्या अजूनही पाणी देतात. बल्ब मात्र आता ती मुलगी बदलते, आणि आत्यांची तक्रार आहे की तिला चिवडा आवडत नाही.