नकाशाने मुकी केलेली नावे

आयर्लंडातील खेड्यापाड्यांची नावे कशी पडली, याच्या तेथील वृद्धांनी सांगितलेल्या कथा म्हणजे निव्वळ भाकडकथा, असे म्हणणारे व्युत्पत्तिपंडित थोडे नाहीत. धातू चुकला, प्रत्यय चुकला, सबब कथा खोटी! बरे, खोटी म्हणा. पण शतकानुशतके त्या नावाचा अर्थ लोकांच्या तोंडी खेळता ठेवला कोणी? पंडितांच्या कोशांनी, की या भाकडकथांनी?

आर्मा शहरानजीकचे अल्स्टरचे प्राचीन राजपीठ घ्या. त्याचे नाव 'एविन माखा', म्हणजे माखाची जुळी. माझी बायको राजाच्या घोड्यांहून वेगाने धावते, अशी फुशारकी नवऱ्याने मारली आणि राजाने दिवस भरलेल्या माखाला शर्यतीत उभे केले! शर्यत संपताच तिला जुळे झाले. ऐन संकटात अल्स्टरच्या पुरुषांना नऊ पिढ्या प्रसूतिवेणा भोगाव्या लागतील, असा शाप तिने दिला. दुसरी कथा तेच नाव माखाच्या गळ्याजवळील पिनेवरून सांगते. त्या पिनेने तिने म्हणे किल्ल्याची सीमा आखली. दोन्ही कथा एकदम खऱ्या नसणार, हे शेंबड्या पोरालाही कळते. मध्ययुगीन आयरिश विद्वानांनाही कळत होते. तरी त्यांनी स्थलनामकथांचा 'दिनशेनखस' हा वाङ्मयप्रकारच जोपासला. आणि इंग्रजी नकाशात काय उरले? 'नॅवन'! आयरिश उपपदाचा 'न' तेवढा नावाला चिकटला. जुळी गेली, पीनही गेली.

१८२४ साली ब्रिटिश सरकारने करआकारणीसाठी आयर्लंडची मोजणी आरंभिली. जॉन ओ'डोनव्हन या व्यासंगी आयरिश पंडिताने गावोगाव हिंडून मूळ रूपे टिपली. ती नामवह्यांत राहिली; नकाशावर छापले गेले ते इंग्रजी वळण. पुढे १८४५ च्या दुष्काळाने आयरिश बोलणारी गोरगरीब जनताच अधिक गिळली. मग कथा कोणाला विचारायच्या? तरीही १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पन्नास हजार शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोककथा उतरवून घेतल्या आणि त्यांत शेताबांधांच्या नावांच्या कथाही आल्या. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्याकडेच हा ठेवा निघाला!

आता सोयीचे पुजारी पाहा. आयर्लंडात साठ हजारांहून अधिक 'टाऊनलँड' आहेत. आपल्या शिवारासारखे हे लहान भूविभाग. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडात टपालखात्याने रस्ता आणि घरक्रमांक पुरेसा मानून पत्त्यातून टाऊनलँडचे नाव अनावश्यक ठरविले. फर्मॅना परगण्याने मात्र ऐकले नाही. आपली नावे पत्त्यात राखली. टपाल तेथेही पोचते.